चिठ्ठीतलं वचन

रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

सकाळच्या उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय होता. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा, पहिला रविवार म्हणजे येशूची अरण्यातली परीक्षा येणार, हे ठरलेलंच. लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की वाचन सुरू झालं की माझं लक्ष पंख्याकडे जातं. आजही गेलं होतं. सहाव्या वचनाला मात्र खाडकन खाली आलं. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, टाक उडी. शास्त्रातच लिहिलंय ना, देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील, तुझा पाय धोंड्याला लागणार नाही.

हे वचन माझ्या पाकिटात होतं.

३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपली की आमच्याकडे वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. ज्याला जे आलं ते त्याचं वर्षाचं वचन. मला आलं स्तोत्र ९१, वचन ११. दूत, रक्षण, सगळं. मी ते सरळ लूम, म्हणजे यंत्रमाग, घ्यायच्या बेताला जोडून टाकलं. ओळखीतला एकजण चार जुने पॉवरलूम विकतोय. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका टॉवेल कारखान्यात वीस वर्षं दुसऱ्याचे हिशेब लिहिले, आता स्वतःचा माल काढावा असं मनात आहे. पैसा घरावर कर्ज काढून. घर आईच्या नावावर. तिला चिठ्ठी दाखवली तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग बँकेला दाखव की चिठ्ठी."

तेव्हा राग आला होता. आज बाकावर बसल्या बसल्या कान तापले. देवाचा होकार म्हणून पावणेदोन महिने जे खिशात घेऊन फिरतोय, तेच वाक्य सैतानाच्या तोंडी.

घरी आल्यावर दोन्ही ठिकाणं उघडून समोरासमोर ठेवली. स्तोत्रात आहे, तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करायला तो दूतांना आज्ञा देईल. मत्तयातला सैतान रक्षण आणि मार्ग दोन्ही गाळतो. लूकच्या शुभवर्तमानात तो रक्षणापर्यंत येतो, पण मार्ग तिथंही नाहीतच. शिखरावरून उडी हा काही मार्ग नव्हे, म्हणून ते शब्द अडचणीचे असावेत. आणि धोंड्याच्या वचनापाशी तो बरोबर थांबतो, कारण पुढच्याच वचनात सिंह आणि साप पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. हिशेबाच्या धंद्यात असा उतारा देणारी माणसं मी पाहिली आहेत. आकडा खोटा नसतो, फक्त खालची ओळ झेरॉक्समध्ये येत नाही. माझ्या चिठ्ठीत तर 'सर्व मार्गांत' हे शब्द छापलेले होते. मीच वाचले नव्हते.

येशू उत्तर देतो ते 'अनुवाद' या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. तिथं पुढं मस्सा या ठिकाणाचं नाव आहे. 'निर्गम' या पुस्तकात तिथली गोष्ट येते. पाणी नव्हतं, इस्राएल लोक त्यांचा पुढारी मोशे याच्यावर उठले आणि विचारू लागले, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? सैतानाचे मोह तीन: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिरावरून उडी टाक, डोंगरावरून दिसणारी राज्यं घे. येशूची तिन्ही उत्तरं अनुवादातलीच, आणि तिन्ही इस्राएलच्या अरण्यातल्या चाळीस वर्षांच्या वणवणीतून निघालेली. येशूनं अरण्यातल्या चाळीस दिवसांत नवीन काहीच मागितलं नाही. कौल नाही, खूण नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी 'हा माझा पुत्र' असं ऐकलं होतं, तेवढ्यावर राहिला. सैतानाची सुरुवात तर तिथूनच आहे: तू देवाचा पुत्र असलास तर.

एक गोष्ट मात्र अजून गिळत नाही. येशूला अरण्यात नेलं कुणी? पवित्र आत्म्यानं. मत्तय म्हणतो नेलं, दुसरा शुभवर्तमानकार मार्क तर म्हणतो घालवलं, आणि भुतं काढण्यासाठी तो वापरतो तोच ग्रीक शब्द इथं आहे. आम्ही दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांला परीक्षेत आणू नको' म्हणतो आणि पहिली परीक्षा आत्म्याच्याच वाटेवर. पाळकसाहेबांना विचारावंसं वाटलं होतं, पण बाहेर चहाची गर्दी होती.

दुपारी ज्वारी आणायला नान्नजला गेलो. येताना अभयारण्याच्या कडेला गाडी थांबवली. मराठी बायबलात 'अरण्य' वाचलं की माझ्या डोळ्यांपुढं लहानपणापासून झाडं यायची, अगदी रामायणातलं दंडकारण्य. यहूदीयाचं अरण्य तसं नाही. यरुशलेमच्या पूर्वेला मृत समुद्राकडे उतरत गेलेला उघडा, खडकाळ मुलूख, पर्जन्यछायेतला. आमचा जिल्हाही पर्जन्यछायेतलाच. नान्नजला 'अभयारण्य' या नावात अरण्य आहे आणि समोर नुसता माळ. गवत वाळून पांढरं पडलेलं, लांब चारपाच काळवीट. माळढोकाच्या नावाचं ठिकाण, पण तो पक्षी मी आयुष्यात पाहिलेला नाही. लांडगे आहेत. मार्कनं परीक्षेला दोनच वचनं दिलीत, तीन मोहांचा पत्ता नाही, पण त्यात आवर्जून लिहिलंय की तो वनपशूंमध्ये होता. शिखर नाही, डोंगर नाही, नुसतं जनावरांत राहणं. मला आज ते जास्त खरं वाटलं. अर्धा तास बसलो. काही ऐकू आलं नाही. उन्हानं डोकं मात्र धरलं.

संध्याकाळी आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. 'ह्या धोंड्यांच्या भाकरी' हे सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डब्यातली कडक भाकरी आणि धोंडा यांत भुकेल्या माणसाला फारसा फरक दिसणार नाही. आईला ही कोटी सांगितली. ती हसली नाही. "लूमचं काय ठरलं?" म्हणाली.

काही ठरलेलं नाही. लूम घ्यायचे नाहीत असंही देवानं सांगितलेलं नाही. उद्या दुसरं वचन उघडून त्यात नकार शोधला तर तीही चिठ्ठीच. पण एक लाज वाटावी अशी गोष्ट जेवताना लक्षात आली. वीस वर्षं हिशेब लिहितोय, आणि त्या माणसाला मी अजून एक साधा प्रश्न विचारलेला नाही: चालता धंदा असेल तर विकतोस का?

उद्या त्याच्याकडून वर्षभराची लाइटबिलं मागवतो. लूम किती चालले ते त्यातून कळेल. आईला हे अजून बोललो नाही. ती मघाशीच झोपली.