ड्रॅगनांचे हरवलेले गाव

आमच्या शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीने मला पत्र पाठवले, त्यात विषयही ठरवून दिला होता: १९८४-८५ साली आमच्या सातवीच्या वर्गाने काढलेले हस्तलिखित. ते शाळेच्या कपाटात अजून आहे, त्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या आहेत आणि त्याची शेवटची चार पाने कोरी का राहिली हे आता शाळेत कोणालाच सांगता येत नाही, असे पत्रात होते. मला ते सांगता येते. मात्र त्यासाठी ड्रॅगनांची सारी गोष्टच पुन्हा सांगावी लागेल.

गोव्यातल्या सांगे तालुक्यातील मराठी शाळेच्या मुलांना ड्रॅगन कोठून भेटला, असा प्रश्न कोणालाही पडेल. तो भेटला एका ताटलीवर. वर्गातल्या एका मुलाच्या घरी चिनी मातीची, निळ्या नक्षीची एक मोठी ताटली होती आणि ती कोणा पूर्वजाने चीनमधल्या मकावहून आणली असे त्याच्या घरात सांगत. हे खरे असणे अगदीच अशक्य नव्हते, कारण गोवा आणि मकाव ही दोन्ही ठाणी पोर्तुगिजांची आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभारही गोव्याच्या हाताखाली होता. ताटलीवरच्या प्राण्याला हरणासारखी शिंगे, माशासारखे खवले आणि गरुडासारख्या नख्या होत्या. ही सुसर की नाग, यावर आमचे मधल्या सुट्टीत दोन दिवस भांडण झाले. शेवटी मराठीच्या बाईंनी तो ड्रॅगन असल्याचा निवाडा दिला आणि जाता जाता म्हणाल्या, "आपल्या देवळांच्या खांबांवर व्याळ असतो, पण त्याचे अंग सिंहाचे. या प्राण्याला मराठीत घर नाही." बाईंच्या लेखी ते शब्दसंग्रहाबद्दलचे साधे विधान होते. आम्ही मात्र ते शब्दशः घेतले, आणि ज्याला घर नाही त्याला ते शोधून द्यायचे, असे वर्गाने ठरवले.

हस्तलिखितातील गोष्ट अशी सुरू होते: आषाढातल्या एका रात्री शाळेमागच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळांच्या बागेत, सात ड्रॅगन उतरतात. त्यांच्यातला सर्वांत म्हातारा इतका म्हातारा झालेला आहे की आपली मायभूमी कोठे होती हे तो विसरला आहे, आणि तरुणांनी तर ती पाहिलेलीच नाही. सातवीतली तीन मुले त्यांच्या पाठीवर बसून ती शोधायला निघतात. प्रत्येकाने एक प्रकरण लिहायचे, ते दोन पानांहून मोठे नसावे आणि आधीच्याने मारलेल्या पात्राला पुढच्याने जिवंत करू नये, असे नियम आम्ही केले होते. शेवटचा नियम तिसऱ्याच प्रकरणात मोडला.

भूगोलाच्या सरांना हे कळले तेव्हा आम्हाला वाटले की आता वह्या जप्त होणार. त्यांनी उलट आणखी एक नियम घालून दिला, आणि माझ्या मते या हस्तलिखिताचे जे काही मोल आहे ते त्या नियमामुळे आहे. ड्रॅगनांनी कोठेही उडावे, पण जेथे उतरतील ती जागा नकाशात दाखवता आली पाहिजे, तेथपर्यंतचे अंतर दोरा लावून मोजलेले पाहिजे आणि त्या जागेविषयी निदान एक गोष्ट खरी लिहिलेली पाहिजे. त्यानंतर महिनाभर वर्गातला एकमेव अ‍ॅटलास आणि शिवणाच्या तासाचा पांढरा दोरा यांच्यासाठी मारामाऱ्या होत असत.

पहिली झेप कोमोडोला होती. सरांनीच सांगितले होते की इंडोनेशियात त्या नावाचे बेट आहे, तेथे दोन-तीन मीटर लांबीच्या घोरपडी आहेत आणि १९१२ साली जावातील एका वस्तुसंग्रहालयाच्या प्रमुखाने, औवेन्स यांनी, त्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. दोऱ्याने अंतर साडेपाच हजार किलोमीटरांहून अधिक भरले. एवढे उडून गेल्यावर तेथल्या घोरपडी आमच्या ड्रॅगनांना म्हणतात, "तुम्हाला पंख आहेत, आम्हाला नाहीत, आमचे-तुमचे गोत्र जुळत नाही." आज वाचताना मला या वाक्याचे हसू येते, परंतु लिहिणाऱ्याला तेव्हा त्यात काही विनोदी वाटले नव्हते.

भूतानचे प्रकरण माझे होते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. त्या देशाचे लोक आपल्या भूमीला 'द्रुक युल', म्हणजे गडगडणाऱ्या ड्रॅगनाचा देश, म्हणतात आणि त्यांच्या ध्वजावर पांढरा ड्रॅगन आहे, हे कळल्यावर शोध संपला अशीच माझी खात्री झाली होती. अंतरही सुमारे २१०० किलोमीटर, म्हणजे कोमोडोच्या निम्म्याहून कमी. पण माझ्यानंतर आणखी अकरा जणांची प्रकरणे व्हायची होती आणि त्यांनी मला धमकावले की शोध येथे संपवलास तर तुला पुढच्या वर्षी कबड्डीत घेणार नाही. म्हणून मी एक पळवाट काढली. भूतानी लोक ड्रॅगनांचे प्रेमाने स्वागत करतात, पण म्हणतात की आमचा ड्रॅगन म्हणजे मेघगर्जना, त्याला अंग नाही आणि भूकही नाही. तुम्ही सात जण खाणार काय? धमकीपोटी सुचलेली ही युक्ती मला अजूनही आवडते. वेल्सच्या ध्वजावरील लाल ड्रॅगनापाशीही एक जण जाऊन आला, परंतु त्या प्रकरणात तलवारींखेरीज विशेष काही नाही.

मग सरांनी आम्हाला खरोखरच्या कुळागरात नेले. पोफळीच्या खोडावर, सालीच्याच रंगाचा, वीतभर लांबीचा एक सरडा त्यांनी दाखवला. तो खोडाला इतका बेमालूम चिकटला होता की आमच्यातल्या निम्म्यांना तो दिसेचना. तेवढ्यात त्याने गळ्याखालची पिवळी झालर दोनदा उघडमीट केली आणि बरगड्यांवर ताणलेला पडदा पसरून तो तरंगत पुढच्या पोफळीवर गेला. तो मुंग्या खातो, पंख फडफडवत नाही, फक्त तरंगतो, आणि मादी तेवढी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, असे सरांनी सांगितले. या सरड्यांच्या वंशाला शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली जे नाव दिले ते 'ड्रेको', म्हणजेच ड्रॅगन, हे त्यांनी अगदी शेवटी सांगितले. परतीच्या वाटेवर कोणीच बोलत नव्हते. आम्ही दोरा घेऊन जगभर हिंडत होतो आणि हा प्राणी शाळेमागे मुंग्या टिपत बसला होता. पुढच्या प्रकरणात एकाने लिहिले की मायभूमी जसजशी लहान होत गेली तसतसे तेथले ड्रॅगनही लहान होत गेले, म्हणजे त्यांना मावता यावे. सरांनी समासात लिहिलेली 'वा!' ही एकाक्षरी पावती त्या पानावर आजही दिसते.

इतकी प्रकरणे झाली तरी एक प्रश्न आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता: ती मायभूमी हरवली कशी? आम्ही कधी राक्षस, कधी गोरा सरदार, कधी ज्वालामुखी असे काहीबाही आणून वेळ मारून नेत होतो. तो प्रश्न विचारला त्या वर्षी आमच्या वर्गात नव्याने आलेल्या मुलीने. तिचे कुटुंब कुर्डीचे. साळावली धरणाच्या पाण्याखाली जी गावे जाणार होती त्यांतले ते एक, आणि तेथल्या कुटुंबांना वाडे आणि वालकिणी येथे नव्या जागा मिळाल्या होत्या. ती वर्गात फारसे बोलत नसे. तिची पाळी आली तेव्हा तिने दोनऐवजी पाच पाने लिहिली आणि नियमाची आठवण करून द्यायला कोणी धजले नाही.

तिच्या प्रकरणात म्हाताऱ्या ड्रॅगनाला सगळे आठवते. तेथे शत्रू कोणीच आलेला नव्हता. पाणी आले होते, आणि ते सर्वांना हवे होते. दूरच्या शहरांतली मुले तहानलेली होती, म्हणून ड्रॅगनांनी दरी सोडायला होकार दिला होता. निघण्याआधी घरे मोजली गेली, नारळ मोजले गेले. देऊळ मात्र दगड न् दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभे केले गेले, आणि तेव्हा एका लहान ड्रॅगनाने विचारले की मग डोंगर आणि ओहोळ यांचेही तसेच का करत नाहीत. देवळाचा हा भाग तिने कल्पनेतून आणलेला नव्हता. कुर्डीचे प्राचीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने खरोखरच दगड सुटे करून हलवले आणि ते आज धरणाजवळ उभे आहे. बाईंनी ते प्रकरण वर्गात मोठ्याने वाचले आणि गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, १९०४ साली तेथे जन्मलेल्या, असे सांगितले. आमच्यापैकी कित्येकांना तोवर कुर्डी म्हणजे बसच्या पाटीवरचे एक नाव होते.

भांडण झाले ते शेवटावरून. गोष्टीला शेवट हवा, वर्ष संपत आले होते आणि बहुसंख्यांच्या मते ड्रॅगनांना हिमालयात एखादी दरी द्यावी, तेथे जागा पुष्कळ आहे. ती म्हणाली, "जागा मिळाली म्हणजे गाव मिळाले असे नाही." आम्ही मतदान घेतले आणि ती हरली. तरीही हिमालयाचे प्रकरण लिहायला कोणी पुढे झाले नाही. ज्याच्यावर काम सोपवले त्याने हस्तलिखित सुट्टीत घरी नेले आणि जूनमध्ये जसेच्या तसे परत आणले. त्या चार कोऱ्या पानांचे कारण हे आहे. शाई सांडली, पाने निसटली असे जे तर्क समितीच्या पत्रात आहेत ते बरोबर नाहीत.

पुढे अनेक वर्षांनी पुण्यात माझ्या मुलीच्या हाती एका जर्मन लेखिकेच्या, १९९७ साली निघालेल्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद आला. त्यातल्या ड्रॅगनांची दरी माणसे पाण्याखाली घालणार असतात आणि त्यांतला एक तरुण ड्रॅगन हिमालयातील जुन्या मायभूमीच्या शोधात निघतो. मुलीला ती फार आवडली. मी ती वाचून मिटली तेव्हा मला सर्वांत आधी आमचे मतदान आठवले. जर्मन ड्रॅगनांना हिमालय चालला, ही बातमी मी त्या कुर्डीच्या मैत्रिणीला फोनवर दिली, तर ती म्हणाली, "चालणारच. त्यांनी आधीचे घर पाहिलेले नव्हते."

तिने पाहिले होते, आणि आता ती ते दरवर्षी पाहते. उन्हाळ्यात जलाशय ओसरला की कुर्डी वर येते: घरांचे चौथरे, जांभ्या दगडाच्या भिंतींचे तळ, झाडांची काळी खोडे, जुना रस्ता. मे महिन्यात तिथली माणसे सोमेश्वराच्या उत्सवाला आणि आपल्या चॅपेलच्या फेस्ताला तेथे एकत्र जमतात आणि पाऊस आला की पुन्हा पाणी चढते. एका मे महिन्यात मी तिच्याबरोबर गेले होते. उन्हाने माती तडकली होती. ती न अडखळता एका चौथऱ्यापाशी गेली, चपला बाहेर काढल्या आणि मगच पायरी चढून आत गेली. मीही काढल्या. पायांना चटके बसत होते, पण ती मला स्वयंपाकघर, माजघर, तुळस असे क्रमाने दाखवत होती, आणि तिच्यामागून फिरताना मी, जेथे भिंत नव्हती तेथेही, दारातूनच आत-बाहेर करत होते.

या महोत्सवानिमित्त ती चार पाने आम्ही दोघींनी मिळून पूर्ण करावीत, अशी समितीची सूचना होती आणि मजकूर मार्चअखेर हवा होता. मी तिला विचारले. ती म्हणाली की मार्चमध्ये गाव पाण्याखाली असते, तेव्हा लिहिता येणार नाही; मे महिन्यात चटई आणि हस्तलिखित घेऊन चौथऱ्यावर बसू, मग बघू. समितीने ते कपाटातून आम्हाला आठ दिवसांसाठी द्यावे, एवढीच विनंती. दोरा मी आणीन.