डाव्या तोंडाची

आमच्या गल्लीतला रस्ता उखडून महिना झाला, आणि गेल्या मंगळवारी त्यावर पसरायला मुरूम आला. दोन ट्रक, दोन्ही आमच्याच फाटकाशी रिकामे. स्कूटर निघेना म्हणून चिडून खाली उतरले, चार गोटे हातानेच बाजूला सारायला बसले आणि तिथेच बसून राहिले.

ढिगाचं आणि माझं जुनं आहे. लहानपणी कोणाच्या बांधकामाची रेती पडली की आम्ही पोरं त्यात शंख-शिंपले शोधायला घुसायचो. फ्रॉकच्या खिशात दहा-वीस जमायचे. आई कपडे धुताना ते खिसे उलटे करी आणि मोरीच्या तोंडाशी माझ्या संपत्तीचा चिखल होई. त्या काळात मी किती श्रीमंत होते हे आईला कधी कळलंच नाही.

तर परवाच्या ढिगात एक राखाडी, गारगोटीसारखा चिवट गोटा लागला. त्याच्या अंगातून बोराएवढा एक शंख अर्धा बाहेर आलेला. पोट फुगलेलं, वर इवलासा कळस, त्यावरची वळणं नखाला लागत होती. मी तो पदराला पुसत होते तेव्हा ट्रकवाला म्हणाला, "काहाले पायजे तुमाले गोटा?" याला उत्तर नसतं. "राहू द्या," एवढंच म्हणाले.

घरात आल्यावर आधी सुरी घेतली. सुरीने शंखावर ओरखडा उठेना; उलट सुरीचीच चंदेरी रेघ त्यावर उमटली. मग लिंबू. कुंडीत गोगलगायीचं एक वाळकं कवच पडलं होतं, त्यावर चार थेंब टाकले तर फसफसलं. गोट्यातल्या शंखावर टाकले, काही नाही. म्हणजे कवचातला चुना केव्हाच विरघळून गेला होता आणि त्याच्या जागी गारगोटी भरली होती, तीही वळणन् वळण राखून. साच्यातल्या मोदकासारखं, फक्त पीठ बदललेलं. उरलेल्या लिंबाचं सरबत केलं.

ओळखीत भूशास्त्राचे एक निवृत्त सर आहेत. त्यांना फोटो धाडला. त्यांचा उलट प्रश्न : कळस वर धरा, तोंड आपल्याकडे करा, तोंड कुठल्या बाजूला? फोटोत उजवीकडे दिसत होतं, तसं कळवलं. सर म्हणाले, मग नेहमीचीच एखादी गोगलगाय. थोडा हिरमोड झाला. चहा घेता घेता लक्षात आलं की माझ्या फोनची मागची काच फुटलीय, म्हणून मी फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता, आणि तो डावं-उजवं उलटं दाखवतो. गोटा हातात घेऊन पाहिलं. तोंड डावीकडे! सरांचा लगेच फोन आला. "फायसा! अहो, फायसा आहे ती!" मुलीचं लग्न ठरल्याचं सांगतानाही त्यांचा आवाज इतका चढला नव्हता.

डाव्या वळणाच्या गोगलगायी थोड्या. बहुतेक सगळ्या उजव्या. फायसा ही गोड्या पाण्यातली गोगलगाय आणि डावी, म्हणून चटकन ओळखू येते. नागपूरच्या आसपास लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये जिथे तळ्याचा गाळ सापडतो, तिथे ती हमखास भेटते. लाव्हा म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा, आपला काळा पत्थर झालेला.

पण माझं मन डाव्या-उजव्यातच अडकलं होतं. आजीच्या शेजारच्या काकूंच्या देव्हाऱ्यात उजवा शंख होता. दक्षिणावर्ती. यजमानांनी रामेश्वरहून आणलेला, लाल रेशमी तुकड्यावर ठेवलेला. आजीचा आपला साधा डावा. तिचं ठाम मत होतं की काकूंचा शंख घासूनपुसून उजवा केलेला आहे. तरी हळदीकुंकवाला गेली की पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसायची. गंमत अशी, की सर कळस वर धरायला सांगतात आणि आजी शंखाचा कळस खाली, पन्हळ वर धरायची. त्यामुळे शास्त्रात जो डावा तोच देव्हाऱ्यात उजवा. म्हणजे हिशेबाने माझी फायसा दक्षिणावर्ती. लक्ष्मी आली ती मुरुमाच्या ट्रकमधून!

आजीला दगडाचा शंख चालला असता का? न चालायला काय झालं? तिच्या शाळिग्रामात जे चक्र होतं, ते गंडकीच्या खोऱ्यातल्या ॲमोनाइटचं. गोगलगायीच्या लांबच्या नात्यातला समुद्रातला जीव. आजी म्हणे, वज्रकीट नावाचा किडा दगड कोरतो. रोज त्याला न्हाऊ घाली, पुसून तुळशीपत्र वाही, कार्तिकात तुळशीशी लग्न लावी. जीवाश्माचा एवढा थाट कुठल्या संग्रहालयात असतो?

नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे, तो स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरीही गोटे गोळा करत हिंडायचा. तेव्हा शहराबाहेर असलेल्या टाकळीत त्याला आणि त्याचा सहकारी हंटर याला असेच शंख, बिया, पानं सापडली, आणि 1850च्या दशकात त्यांनी त्यावर लिहिलं. 1863च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. त्यालाही कोणीतरी नक्की विचारलं असणार, साहेब, गोटा कशाला पाहिजे?

रात्री गोटा उशाशी होता. लाव्हा थंड झाला, खळग्यात पाणी साचलं, तळं झालं, त्यात गवत आलं, गोगलगायी आल्या. त्यांची पिढ्यान् पिढ्या घरंदारं झाली. नीट बस्तान बसलं होतं. आणि मग पुढचा थर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढीग पुन्हा एकदा बघावा म्हणून चप्पल घालून बाहेर आले, तर मुरूम पसरून झाला होता आणि गल्लीच्या त्या टोकाकडून रोलर येत होता.