आठ पायांची मुंगी

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात कॅमेरा घेऊन गेलं की प्रत्येक जण एकच विचारतो, "बिबट्या दिसला का?" परवाच्या रविवारी हा प्रश्न मला चार वेळा आला. चौथ्या वेळी मी किडे-कोळी शोधत, चिखलात गुडघे टेकून रानमोडीच्या पानाखाली डोकं घालून बसलो होतो. तिथे काय बिबट्या असणार आहे?

स्टेशनवरून टीएमटीची बस, गेटवर तिकीट, जंगलात अडीच तास. हाती काही नाही. जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची मादी भेटली, पण जाळं डोक्याच्या हातभर वर. माझी अगदी जवळून फोटो काढायची १०० एमएमची लेन्स तिथे पोचेना, आणि शिडी घेऊन येण्याइतका अजून वाया गेलेलो नाही.

परत येताना एक आजी रस्त्याकडेला काकड्या विकायला बसली होती. दोन घेतल्या, तिथेच आंब्याखाली टेकलो. फांदीवर लाल मुंग्यांचं पानं शिवलेलं घर होतं. या मुंग्या स्वतःच्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं जोडतात. त्यातली एक मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून एकटीच चालली होती. सहज क्लिक केलं, स्क्रीनवर मोठं करून पाहिलं आणि काकडी हातातच राहिली. समोर दोन टपोरे काळे डोळे! मुंगीसारखा दिसणारा उडी कोळी, तोही नर. तोंडात धरलेली 'मुंगी' म्हणजे त्याचाच लांबलचक जबडा. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवत होता, म्हणून चालताना सहाच वाटत होते.

मग सुरू झाली कसरत. एवढ्या जवळून एफ ११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं, तरी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच स्पष्ट येतं. डोळे धरले की जबडा धूसर. फोकस रिंगला हात न लावता श्वास रोखून अख्खं अंगच केसभर मागे-पुढे करायचं. त्यात वारा. त्यात खऱ्या मुंग्या माझ्या बाहीत शिरल्या. त्या कडकडून चावतात आणि वर आम्लही सोडतात. त्यात एका गाडीतून दणदणीत गाणी. येऊरला येऊन डेक लावणाऱ्यांना तिथेच उतरवून या मुंग्यांच्या झाडाखाली बसवायला हवं.

"काय हरवलं रे?" आजी.

"काही नाही आजी, फोटो काढतोय."

"आणि ते सूप कशाला?"

फ्लॅशवर लावलेला, उजेड मऊ करणारा माझा घरगुती फोमचा डिफ्यूजर. त्याला याहून चांगलं नाव मला सुचलं नसतं.

एकसष्टाव्या फोटोनंतर कोळी तार सोडून खाली लटकला आणि गवतात गेला. एकसष्टांत धड एकच, त्यातही मागचा पाय फ्रेमच्या कडेला कापला गेलेला. तोच फोटो मोठ्या कौतुकाने आजीला दाखवला. डोळे दाखवले, पाय मोजून दाखवले.

तिने स्क्रीन जवळ धरून नीट पाहिली. "मुंगीच आहे की," म्हणाली, आणि काकड्यांवर पाणी मारायला लागली.