हॉर्टस मलबारिकसचं सुटं पान घेताना

आपल्याकडच्या झाडांची जुनी छापील चित्रं बाजारात येतात, ती बहुतेक ग्रंथ उसवून सुटी केलेली असतात. त्यात सर्वांत मोलाचा हॉर्टस मलबारिकस, म्हणजे मलबारच्या वनस्पतींचा सचित्र ग्रंथ. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने तयार करवून घेतलेले हे १२ खंड १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला छापले गेले. झाडांची माहिती इट्टी अच्युदन या वैद्यांची आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट या तिघा कोकणी वैद्यांची. तिघांचं १६७५ सालचं नागरीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलं आहे. चित्रकारांपैकी खुटकिंट आणि स्प्लिंटर एवढीच नावं सहसा घेतली जातात.

विक्रेता रंगीत पान दाखवू लागला की सावध व्हा. हा ग्रंथ काळ्या शाईत, बिनरंगी निघाला होता. रंग दिसला तर तो बहुधा नंतर कोणीतरी भरलेला असतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही. उलट जुना तांब्याचा हिरवा रंग कागद खातो. पान उलटं करून उजेडात धरा: चित्रातल्या झाडाच्या पानांच्या आकाराचे तपकिरी डाग मागे उमटले असतील, तर पुढे तिथेच कागद तडकणार.

मग दहापट भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक नक्कल, विषय संपला. तांब्याच्या पत्र्यावरून उठलेली रेघ सलग असते, टोकाला निमुळती होते आणि शाई किंचित उंच लागते. पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोनही शोधा, मात्र कडा कापलेल्या पानावर तो गेलेला असतो. त्या काळचा हातकागद उजेडात धरला की कागदातच साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर समांतर रेघा दिसतात. मधली उभी घडी हा दोष नव्हे, चित्र दुपानी आहे. घडीवर फाटलंय का, मागून पट्टी चिकटवली आहे का, ते मात्र बघा.

एक गंमत: खोदकाराने चित्र पत्र्यावर सरळ उतरवलं, तर छाप आरशातल्यासारखी उलटी निघते. झाड असेल तर कळतही नाही, पण वेलीचा पीळ फिरतो. कारांद्यासारख्या डायोस्कोरिया या कंदवेलींच्या जाती ओळखताना पिळाची दिशा बघावीच लागते, त्यामुळे अशा चित्रावरून जात ठरवू नका.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटच्या ‘आयकॉन्स’ या चित्रग्रंथाची (मद्रास, १८३८–५३) पानं वेगळी. ती शिळाछापाची म्हणजे दगडावरून छापलेली, रेघ दाणेदार, पत्र्याची खूण नाहीच. तिथे खाली रुंगिया किंवा गोविंदू या चित्रकाराचं नाव शोधा. चित्रकाराची ओळख छापणं तेव्हा दुर्मीळच, विल्यम रॉक्सबर्गच्या कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातल्या चित्रांवर भारतीय चित्रकारांची नावं मिळत नाहीत.

फ्रेम करताना सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नको. आम्लरहित माउंट, वर गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेले दोन जपानी कागदाचे बिजागर, काच चित्राला न टेकणारी. कोकणात पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगलं, तर बुरशीचे तांबूस ठिपके येणारच.