तुम्ही विचारलंत म्हणून : टाकीतलं नायट्रेट येतं कुठून

केळीचा सौदा करायला आलेले व्यापारी असोत की भुसावळहून फोन करणारी कॉलेजची पोरं, हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "दादा, आमच्याकडे नायट्रेट ऐंशीच्या खाली येतच नाही. तुम्ही त्यात काय टाकता?"

काय टाकतो ते एका ओळीत सांगून होईल. काय टाकायचं बंद केलं, ते सांगायला जरा वेळ लागतो. फोनवर ते नीट जमत नाही, म्हणून आज लिहूनच काढतो.

आमचं घर रावेर तालुक्यात, केळीच्या बागेला लागून. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्याही वर. टाकीत खारं पाणी २०० लिटर, क्लाउनफिश मासे, थोड्या गोगलगायी आणि सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ अंगाची प्रवाळं: झोअँथिड, मशरूम, एक लेदर, थोडं झेनिया. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. आपल्याकडे ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. मालवणला गेल्यावर कोणी पिशवीतून तुकडा देऊ केला तर हात लावू नका, एवढं आधी सांगून ठेवतो.

माझी आई अजूनही टाकीसमोर उभी राहिली की म्हणते, "पान्यात मीठ टाकतो अन् त्यात फुलं उगवतो, असं कसं रे भाऊ?" झेनियाची बोटं उघडमीट करताना बघितली की तिचं म्हणणं खरं वाटतं.

आता नायट्रेट. माशांना घातलेलं खाणं आणि त्यांची घाण कुजून अमोनिया होतो. दगडावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. इथवरचं काम आपोआप होतं. पुढे नायट्रेटचा वायू होऊन जायचा तर ऑक्सिजन नसलेली जागा लागते, दगडाच्या आत खोल किंवा वाळूच्या तळाशी, आणि ती घरच्या टाकीत पुरेशी नसते. म्हणून नायट्रेट साठत जातं. साठलं की प्रवाळाच्या अंगातली सूक्ष्म शेवाळं माजतात, रंग मातकट होतो, वाढ थांबते, काचेवर हिरवं पसरतं.

सगळे सांगतात तसं मीही केलं. दर पंधरा दिवसांनी २० टक्के पाणी बदललं, खाणं निम्म्यावर आणलं, स्किमर मोठा घेतला. स्किमर म्हणजे गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तोच प्रकार. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे, त्यांना चिकटून घाण फेसाबरोबर वर येते आणि कुजायच्या आधीच बाहेर पडते. वरच्या कपात जमणारं ते तपकिरी, उग्र वासाचं पाणी बघून समाधान व्हायचं. पण नायट्रेट तपासायच्या कीटचा रंग काही बदलेना. पाच महिने लिटरला ८० मिलिग्रॅम.

मे महिन्यातल्या एका रात्री वीज गेलेली, मोबाइलच्या उजेडात टेस्ट करत बसलो होतो. तीन नळ्या हाताशी होत्या. एकीत टाकीचं पाणी घेतलं, आणि काही खास विचार न करता दुसरीत किचनमधल्या आरओचं, तिसरीत मोरीतल्या नळाचं, म्हणजे थेट बोअरचं. थेंब टाकले, हलवल्या, थांबलो. बोअरची नळी टाकीच्या नळीइतकीच लाल झाली. कार्डाशी धरली: सत्तरच्या आसपास. आरओचं पाणी पंचवीस. मी तेच पाणी मीठ कालवून टाकीत भरत होतो.

टाकीचा विचार त्या क्षणी मनात आलाच नाही. वहिनीचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. वरचं दूध सुरू झालेलं, आणि पावडर कालवायला बोअरचं पाणी उकळून घ्यायचे, उकळलं की शुद्ध म्हणून. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटेल तसं लिटरमागे वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. लहान बाळाच्या रक्तात जास्त नायट्रेट गेलं की रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, ओठ निळे पडतात. मी वहिनीला उठवलं आणि बाटल्यांसाठी उकळून ठेवलेलं पाणी ओतून टाकलं. बाळाला काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे नायट्रेट आलं कुठून, ते शोधायला लांब जावं लागलं नाही. खिडकीतून बाग दिसते. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंच्या वर. ते सगळं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं तर नव्वद किलो नायट्रेट होतं, आणि तेवढं वीस लाख लिटर स्वच्छ पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरेसं आहे. एका गोणीत! अर्थात बरंचसं झाड घेतं, काही हवेत जातं. पण मातीचे कण नायट्रेट धरून ठेवत नाहीत, दोघांचाही विद्युतभार ऋण. ड्रीप जरा जास्त वेळ चाललं किंवा जोराचा पाऊस झाला की ते मुळांच्या खाली उतरलंच. आमच्याकडे मृगबाग, कांदेबाग अशा केळीच्या दोन हंगामांच्या लागवडी, वर्षभर काही ना काही उभं असतं, आणि व्हेंचुरीतून, म्हणजे ड्रीपच्या पाण्यात खत ओढणाऱ्या नळीतून, खत सोडणारा हात माझाच आहे.

मग हिशेब मांडला. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला मी पाण्यावर पंखा लावतो. आपल्या कोरड्या हवेत तो फार चांगलं काम करतो. बाहेर ४५ अंश असताना पाणी सव्वीस-सत्तावीसवर राहतं. मात्र रोज पाच लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं आणि नायट्रेटही. त्या जागी मी पंचवीसवालं पाणी पाच लिटर ओतायचो. म्हणजे रोज १२५ मिलिग्रॅम, २०० लिटरच्या टाकीत लिटरमागे दिवसाला सहा दशांश, पंधरा दिवसांत नऊ-साडेनऊ. आणि पाणी बदललं तरी भरलेल्या ४० लिटरबरोबर पाच परत यायचेच, म्हणून ८० चे जेमतेम ६९ व्हायचे. अकरा उतरवायचे, साडेनऊ पुन्हा भरायचे, वर माशांचं खाणं. पाच महिने आकडा हलला नाही यात नवल ते काय?

आरओमधून एवढं नायट्रेट कसं सुटत होतं, तेही सांगतो, कारण तुमच्याकडेही बहुधा तेच असेल. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो न गाळलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात परत मिसळतो. आमचा बराच उघडा होता आणि पाणी गाळणारी मेम्ब्रेनही जुनी. मेम्ब्रेन बदलली, स्क्रू पूर्ण बंद केला, आकडा आठ-दहावर आला. घरात आता हेच पाणी पितो. टाकीसाठी त्याच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा एक फिल्टर जोडला, टीडीएस मीटर शून्य दाखवतो आणि कीटही. मीटरवर दोन-तीन दिसायला लागले की रेझिन बदलायचं, उद्यावर टाकायचं नाही.

या पाण्याने दर पंधरवड्याला तेच २० टक्के बदललं. ८०, ६४, ५१, ४१, ३३, २६. थोडं वर-खाली झालं, पण याच वाटेने उतरलं. अडीच महिने लागले आणि तेवढे लागायलाच हवेत. जास्त नायट्रेटची सवय झालेल्या प्रवाळाला एका दिवसात खाली आणलं तर ते आक्रसून बसतं. खाली साठवण टाकीत चीटो नावाच्या शेवाळाचा गुंता ठेवला, त्यावर रात्रभर दिवा. तो वाढताना नायट्रेट खातो. महिन्याला मूठभर काढून टाकला की तेवढं नत्र बाहेर.

घाई मी नंतर केली, आणि ती सांगायलाच हवी. व्हिनेगर टाकून जिवाणू वाढवायचे आणि त्यांनी नायट्रेट खायचं, अशी एक पद्धत आहे. पद्धत खरी आहे. मात्रा आठवड्या-आठवड्याने वाढवायची असते, मी तिसऱ्या दिवशी तिप्पट केली. पाणी ताकासारखं पांढरं झालं. वाढलेल्या जिवाणूंनी ऑक्सिजन ओढून घेतला, त्यात पहाटे वीज गेली. उजाडलं तेव्हा एक मासा पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकत होता, दुसरा तळाशी मेलेला. चार वर्षांचा होता. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा हवापंप कायम जोडलेला असतो आणि व्हिनेगरची बाटली लोणच्याच्या फडताळात.

आणि शून्याच्या मागे लागू नका. माझं नायट्रेट एकदा खरंच शून्यावर गेलं होतं, फॉस्फेटही. आनंद झाला. पण तीन आठवड्यांत झोअँथिड फिके पडले, वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर आला. प्रवाळाला नत्र लागतं, केळीला लागतं तसंच, फक्त फार थोडं. त्याहून वाईट म्हणजे नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट शून्य. अशा पाण्यात प्रवाळ उष्णतेला लवकर हार खातं आणि पांढरं पडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही चूक परवडणारी नाही. मी नायट्रेट पाच ते दहा ठेवतो, फॉस्फेट पाच-सहा शतांश. लेदरचा तुरा आता तळहाताएवढा पसरतो.

बागेतही बदल केला. युरियाचे हप्ते लहान आणि जास्त वेळा, ड्रीपचा वेळ कमी. बोअरचा आकडा अजून साठीत आहे. खालचं पाणी टाकीसारखं पंधरवड्याला बदलता येत नाही. आमच्या नाल्याचं पाणी तापीला मिळतं, आणि तापी सुरतपाशी समुद्राला.

तर बघायला याल तेव्हा दोन बाटल्या घेऊन या. एकीत टाकीचं पाणी आणा, दुसरीत ती टाकी ज्या पाण्याने भरता ते. घरात तान्हं बाळ असेल तर तिसरी बाटली त्याच्या दुधात घालता त्या पाण्याची, आणि ती आपण आधी तपासू.