कोस्टा रिकातले तीन वुड-रेल: आधी ओहोटी बघा, मग तिकीट काढा

आरामिडेस ही वुड-रेल पक्ष्यांची, पाणकोंबड्यांच्या कुळातली, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली प्रजाती (जीनस). तिच्या आठ जातींपैकी तीन कोस्टा रिकात आहेत. ते बघायचा दौरा आखताना सगळ्यात अवघड पक्षी आधी ठेवावा, म्हणजे तांबूस मानेचा वुड-रेल.

त्याच्यासाठी पॅसिफिक किनाऱ्यावर काल्देराजवळची माता दे लिमोनची खारफुटी गाठायची. इथे घड्याळापेक्षा ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. भरतीत पक्षी मुळांच्या जाळीत आत बसतो, तेव्हा तासन्‌तास उभं राहूनही हाती काही लागत नाही. पाणी उतरून चिखल उघडा पडला की खेकडे बाहेर येतात आणि त्यांच्यामागे हा. ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी येईल असे दिवस निवडा. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून लागोपाठ दोन दिवस हाताशी ठेवा. एका जागी गप्प उभं राहून चिखल आणि मुळं जिथे मिळतात त्या कडेवर नजर ठेवायची. ८×४२ ची दुर्बीण पुरते. डासांचं मलम मात्र हवंच.

चूक होते ती ओळखताना. राखाडी मानेचा वुड-रेलही याच खारफुटीत उतरतो आणि त्याची छाती तांबूसच असते. समोरून, मान खाली घातलेला दिसला की हमखास फसगत होते. डोकं आणि मान पूर्ण दिसेपर्यंत नोंद करू नका. (जुलै २०१३ मध्ये तांबूस मानेचा एक पक्षी थेट अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, बोस्के देल अपाचे अभयारण्यात पोचला होता. खारफुटीतला पक्षी आणि तो तिथे!)

राखाडी मानेचा पुढे कारारा राष्ट्रीय उद्यानात, जंगलातल्या ओढ्यांकाठी शोधा. उजाडताना आणि अंधारताना जोडी मोठ्याने ओरडते; ‘चिरिंकोको’ हे स्थानिक नाव त्या ओरडण्यावरूनच पडलंय. आवाज फार लांबून येतो, त्याच्यामागे झाडीत शिरू नका. पक्षी पायवाट ओलांडतो तिथेच थांबा. तिथल्या तार्कोलेस नदीत मगरी भरपूर आहेत, काठावर उतरू नका.

तिसरा, तांबड्या मानगुटीचा, उत्तरेला कान्यो नेग्रोच्या पाणथळीकडे. तो २०१५ च्या सुमारास राखाडी मानेच्यापासून वेगळी जात ठरला, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेत दोघं एकच दिसतील. मानगुटीवरचा तांबडा ठिपका आणि छाती-पोटामधला पांढरट पट्टा, दोन्ही तपासा.