एक किलोमीटरची अट आणि आमचा पालक गट

१६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी शिलाई मशीन झाकून मी महा ई-सेवा केंद्रात गेले. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांचे, अर्ज त्याच दिवशी सुरू झाले होते आणि धाकटीला पहिलीत घालायचं होतं. केंद्रातल्या पोराने आमचा भोसरीचा पत्ता टाकला, नकाशावर घराची खूण ठेवली आणि शाळांची यादी उघडली. पहिलं नाव वाचून मला हसूच आलं. गल्लीच्या टोकाची मनपाची शाळा! खाली आणखी एक मनपाची, मग एक अनुदानित. आधार कार्ड आणि जन्मदाखला घेऊन गेलं की जिथल्या बाई मुलाला हाताला धरून वर्गात नेतात, त्या शाळेसाठी ऑनलाइन अर्ज आणि वर लॉटरी.

मागच्या वर्षी याच पत्त्यावरून शेजारणीने अर्ज भरला होता. तेव्हा यादीत तीन किलोमीटरपर्यंतच्या खासगी शाळा होत्या. त्या गेल्या कुठे, म्हणून विचारलं तर पोरगा म्हणाला, "ताई, नियम बदललाय फेब्रुवारीत."

नियम काय होता ते मला नंतर नीट कळलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ (१) (क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या. त्यांची फी सरकार शाळेला देणार. आपल्याकडे ती मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये आहे आणि ती वेळेवर मिळत नाही ही शाळांची जुनी रड. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने आपल्या नियमात एक ओळ घातली: खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. आता शहरात एक किलोमीटरमध्ये मनपाची शाळा नाही अशी खासगी शाळा दाखवा बघू. कर्नाटकात असाच नियम २०१९ पासून आहे आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो टिकवलाही होता, त्यामुळे आमच्यातले काही जण सुरुवातीलाच हातपाय गाळून बसले.

गट असा कुणी स्थापन केला नाही. ई-सेवा केंद्राच्या रांगेत ज्यांनी ज्यांनी डोक्याला हात लावला, त्यांचे नंबर एका रिक्षावाल्या दादाने घेतले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. आठवड्यात आम्ही चाळीसच्या वर गेलो. धुणीभांडी करणाऱ्या दोघीतिघी, एमआयडीसीत कंत्राटावर असलेले बरेच, एक भाजीवाले काका, दोन शिकवणी घेणाऱ्या मुली. पहिल्याच रविवारी मंदिराच्या ओट्यावर भांडण झालं. अर्ज भरायचा की बहिष्कार घालायचा? तावातावाने बोलणारे बहिष्कारवाले. मी म्हटलं, बहिष्कार घालून आपलंच पोर घरी बसणार, सरकारचं काय जातंय? शेवटी ज्याला वाटेल त्याने भरावा असं ठरलं. मनपाच्याच शाळेसाठी लॉटरी कशाला, म्हणून मी मात्र भरला नाही.

त्या ओट्यावरचा खरा प्रश्न मात्र दुसऱ्याच बाईंनी विचारला. मनपाच्या शाळेतल्या एक शिक्षिका बैठकीला येऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे तिकडे गेलात तर माझा वर्ग कोण भरणार? पट कमी झाला की तुकडी जाते, मग शिक्षक जातो, आणि मग तुम्हीच म्हणता मनपाची शाळा बेकार." कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला आजही पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. एवढंच वाटतं, की मनपाची शाळा सुधारायची तर तिच्यात शिक्षक भरा, खोल्या बांधा. आमच्या पोरांना दुसरा दरवाजा बंद करून तिचा पट वाढवणं ही कसली सुधारणा? बाईंना हे पटलं नाही. तरी निवेदनाच्या मसुद्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनीच काढल्या.

निवेदनाची एक गोष्ट सांगायला हवी. पहिलं निवेदन आम्ही 'गरिबांवर अन्याय' वगैरे लिहून चार पानी केलं. एका संस्थेत काम करणाऱ्या वकीलताईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं. "अन्याय सगळेच लिहितात. मला तक्ता द्या." मग आम्ही तक्ता केला. घराचा पत्ता, मागच्या वर्षी दिसणाऱ्या खासगी शाळा, या वर्षी दिसणाऱ्या शाळा. प्रत्येक घरात जाऊन, पोर्टलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढून. दादा रिक्षाच्या पाळ्या सांभाळून फिरत होता, मी दुपारी ब्लाऊज बाजूला ठेवून वहीत उतरवत होते. सदतीस घरं झाली. सदतीस घरांत मिळून या वर्षीच्या रकान्यात एकही खासगी शाळा नव्हती. तेव्हा चार पानांची गरज उरली नाही, अर्ध्या पानात काम झालं.

ते घेऊन पुणे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती इमारतीत गेलो. शिक्षण विभागाची मोठी कार्यालयं तिथेच आहेत. आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून पोच मिळाली आणि 'आचारसंहिता आहे, आता काही होणार नाही' हे उत्तरही मिळालं. लोकसभेची निवडणूक होती. भोसरी शिरूर मतदारसंघात येते आणि आमचं मतदान १३ मे ला. प्रचाराला गल्लीत आलेल्या प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हातात आम्ही त्या अर्ध्या पानाची झेरॉक्स ठेवली. ते घ्यायचे, घडी घालून खिशात टाकायचे. त्यातली किती धोब्याकडे गेली देव जाणे.

मतदानाच्या आठवडाभर आधी, ६ मे ला, मुंबई उच्च न्यायालयाने अधिसूचनेला स्थगिती दिली. याचिका काही संस्थांच्या आणि पालकांच्या होत्या, आमच्या गटाची त्यात नव्हती. पण ग्रुपवर त्या दिवशी असे फटाके वाजले की जणू आम्हीच काळा कोट घालून उभे होतो. मग कळलं, आधी भरलेले अर्ज रद्द, सगळ्यांनी नव्याने भरायचे. १७ मे पासून.

इथे ज्यांना पुढे अर्ज भरायचाय त्यांच्यासाठी थांबते. आमच्याकडे जातीचा दाखला होता म्हणून उत्पन्नाचा लागला नाही. ज्यांना लागतो त्यांना तहसीलदाराचा एक लाखाच्या आतला दाखला हवा. शहरात एक लाखात वर्ष काढणारं कुटुंब कसं जगतं हे मर्यादा ठरवणाऱ्यालाच विचारावं. भाड्याच्या घरात राहत असाल तर नोंदणी केलेला भाडेकरार हवा, शंभराच्या स्टँपवर मालकाची सही चालत नाही, आणि त्याची तारीख अर्जाच्या आधीची हवी. आमच्या गटातले सर्वात जास्त अर्ज इथेच अडकणार होते. दादाने सहा घरमालकांचे पाय धरले, चारांनी करार केला. आणि नकाशावरची खूण घाईत ठेवू नका. एका ताईंची खूण चुकून हायवेपलीकडे पडली. तिच्या मुलाचा नंबर लागला असता तरी पडताळणीत पत्ता जुळला नसता. दहा शाळा निवडता येतात. दहा भरल्याच पाहिजेत असं नाही. जिथे पोराला रोज पोहोचवता येणार नाही ती शाळा घालू नका.

७ जूनला सोडत निघाली, पण निकाल न्यायालयाच्या निर्णयापर्यंत थांबला. १५ जूनला शाळा उघडल्या. रोज सकाळी धाकटी विचारायची, आज माझी शाळा आहे का? चार दिवस ऐकलं, पाचव्या दिवशी तिला गल्लीच्या टोकाच्या मनपाच्या शाळेत नेऊन बसवलं. वर्ग त्याच बाईंचा निघाला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हजेरीत नाव घातलं. महिनाभरात पोरगी दोन अंकी बेरजा करायला लागली.

१९ जुलैला निकाल आला. एक किलोमीटरची अट कायद्याशी विसंगत आणि घटनाबाह्य ठरली. मधल्या काळात शाळांनी भरलेल्या जागांना धक्का लावू नये, पण २५ टक्के जागा पूर्ण द्याव्यात असंही न्यायालय म्हणालं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निर्णय कायम ठेवला. आम्हाला मेसेज आला त्याच्याही आधी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. धाकटीचं नाव निवड यादीत, आमच्या चौथ्या पसंतीच्या शाळेत.

दाखला काढायला गेले तेव्हा बाईंना काय सांगावं कळेना. त्यांनीच विचारलं, "कुठली शाळा?" नाव सांगितलं. म्हणाल्या, "तिथे इंग्रजीतून चालतं, पहिले दोन महिने रडेल. घरी मराठी वाचन सोडू नका." रडली, दोन महिने नाही, दिवाळीपर्यंत. त्यात नव्या शाळेने पुस्तकं आणि गणवेशाचे पैसे मागितले. आरटीईच्या मुलाला ते फुकट मिळायचे असतात. मी तेवढं शिकलेले होते, त्यामुळे अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, पोच घेतली. पुस्तकं मिळाली. गणवेशाचे पैसे मात्र मीच भरले, कारण पोरगी वेगळ्या रंगात बसलेली मला बघवलं नसतं.

सदतीस घरांपैकी अकरा मुलांना प्रवेश मिळाला. दादाचा मुलगा प्रतीक्षा यादीत एकेचाळिसावा होता, त्याचा नंबर आलाच नाही. तो मनपाच्या शाळेत आहे, त्याच बाईंच्या वर्गात.

पुढच्या वर्षीची नोंदणी जानेवारीतच सुरू झाली. त्या आठवड्यात रात्री नऊला दादाचा फोन आला. मला वाटलं धाकट्या मुलीसाठी अर्ज भरतोय. तो म्हणाला, "ताई, वही कुठंय? मागच्या गल्लीत नऊ जणांचे भाडेकरार राहिलेत."